शेठ, स्टेजवर या

परवा गिरणीत दळण घेऊन उभा होतो. शेजारच्या वस्तीवरचा एक जण आला, माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "शेठ, कवा आलासा?"

मला येऊन तीन वर्षं झालीत. हा माणूस मला दर आठवड्याला भेटतो. गेल्या महिन्यात त्याच्या पुतण्याच्या साखरपुड्यात मी केलेली बुंदी त्यानं दोनदा मागून घेतली होती. तरी विचारतो, कधी आलात.

"आता न्हाई जायचं परत," मी म्हणालो. "हितंच असतो. आचारी हाय मी."

"व्हय की, व्हय की," तो म्हणाला. "पर परत कवा निघणार?"

अशा माणसाला काय सांगायचं? मी पिठाचा डबा उचलला आणि घरी आलो.

या 'शेठ' शब्दाचा मला इतका वैताग आलाय की विचारू नका. आमच्या खानापूर-आटपाडीकडं आणि तिकडं माण-खटावात पोरगा जरा हाताशी आला की गलाईच्या धंद्याला बाहेर पडतो. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायचं, तेजाबात उकळून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध झालेला माल ज्याचा त्याला परत द्यायचा, हा तो धंदा. देशातल्या कुठल्याही मोठ्या गावात सराफ बाजाराच्या मागच्या बोळात जा, आमच्याकडचा कुणीतरी भट्टी पेटवून बसलेला सापडेल. सोनं दुसऱ्याचं, भाजायचे हात आपले. पण गावाकडं सुट्टीला आला की तो शेठ. मी अठराव्या वर्षी गेलो, तेव्हा पहिल्या सुट्टीला आलो तोच शेठ होऊन. मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती.

तामिळनाडूतल्या एका शहरात मी तेहेतीस वर्षं काढली. खोली दहा बाय बाराची, त्यातच भट्टी, त्यातच तेजाबाची भांडी. तेजाब उकळायला लागलं की तांबूस पिवळा धूर निघतो. पहिल्या वर्षी डोळ्यांतून पाणी येतं, दुसऱ्या वर्षी सवय होते. माझी सवय पन्नाशीपर्यंत टिकली. मग खोकला लागला तो जाईना. सांगलीत डॉक्टरला दाखवलं. त्यानं छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. तो म्हणाला, "ते आजपासून बंद. अजून दोन-चार वर्षं त्या धुरात बसलात तर अंगणातून घरात यायला दम पुरणार नाही." बायको शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "मग काय करणार?"

"आचारी होणार," मी म्हणालो. "लग्नाकार्याचा सैपाक."

तिनं तिकिटं पिशवीत घातली. मग म्हणाली, "घरात कवा एकदा चा तरी केलासा का?"

तिचं खरं होतं. सुट्टीला आलो की मी घरातला पाहुणा असायचो, मला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचं नाही. पण तिकडं आम्ही एका खोलीत सहा जण राहायचो आणि सैपाकाची पाळी असायची. बाकीच्या पाच जणांनी केलेलं अन्न खाऊन मी एके दिवशी तवाच हिसकावून घेतला, तो पुढं तीस वर्षं सोडला नाही. दिवाळीत आसपासच्या बाजारांतले आपल्याकडचे सगळे गलाईवाले जेवायला यायचे, साठ-सत्तर माणूस. भट्टीपुढं मी दिवसभर तोंड मिटून बसायचो आणि संध्याकाळी फोडणी देताना माझ्या तोंडात गाणं यायचं. आयुष्यात मला मनापासून करावंसं वाटलेलं हे एकच काम होतं, आणि एक्कावन्नाव्या वर्षी मला ते करायचं होतं. एवढी साधी गोष्ट.

पण ती आमच्या थोरल्या भावाला साधी वाटली नाही. दादा गावीच राहिला, शेती त्यानंच बघितली. गावात, सोसायटीत, पाहुण्यारावळ्यांत तो 'शेठचा भाऊ' म्हणून ओळखला जायचा आणि त्याला ते आवडायचं. मी सांगितलं तेव्हा तो गोठ्यात धार काढत होता.

"लोकाच्या लग्नात पातेली घासणार?" त्यानं विचारलं.

"पहिल्यांदा घासावीच लागत्याली."

"आरं, घोड्यावरनं उतरून गाढवावर बसायलास की रं!"

मग तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बोलला तो तोडगा घेऊनच. माझ्या मागं दुकान त्याच्या पोराकडं होतं. "पोरगं एकटं पडलंय तिकडं," दादा म्हणाला. "तू जाऊन नुसता गादीवर बस. धुराकडं जाऊ नगंस." दहा बाय बाराच्या खोलीत धुराकडं न जाता बसायची जागा कुठली, हे त्याला कोण समजावणार? तो तिथं आयुष्यात कधी आलाच नव्हता. आतून बायकोनं तेवढं ऐकवलं, "सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची व्हय?" दादानं ते ऐकलं नाही असं दाखवलं.

गावानंही सल्ला द्यायचं काही बाकी ठेवलं नाही. एक म्हणाला सराफी दुकान टाका. एक म्हणाला द्राक्षबाग लावा. एक जण तर ग्रामपंचायतीला पॅनेल उभं करा म्हणून दोन संध्याकाळी ओसरीवर ठाण मांडून बसला आणि चार कप चहा पिऊन गेला. मी आचारी होणार म्हटलं की सगळे हसायचे, मग मी हसत नाही हे बघून गंभीर व्हायचे आणि बायकोला हळूच विचारायचे, शेठची तब्येत बरी हाय न्हवं?

काम शिकायला मी पलूसकडच्या एका म्हाताऱ्या मुसलमान आचाऱ्याकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. चार तालुक्यांत त्यांच्या हाताला तोड नव्हती. मी पाया पडून म्हणालो, "चाचा, मला काही येत नाही असं समजून शिकवा." ते म्हणाले, "बसा शेठ, खुर्ची घ्या." तिथंच माझी खात्री पटली की हे अवघड जाणार.

वर्षभर मी त्यांच्या हाताखाली होतो आणि वर्षभर त्यांनी मला एकदाही अरे म्हटलं नाही. "शेठ, तेवढे दोन पोती कांदे कापून घेता का?" "शेठ, तसदी न्हाई न्हवं, तेवढं पातेलं घासता का?" पुऱ्या लाटणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दुसऱ्या कुणाची डाळ खाली लागली की चाचा त्याच्या सात पिढ्या काढत. माझी डाळ लागली तेव्हा त्यांनी सिलिंडरला शिव्या घातल्या. मी म्हणालो, "चाचा, चूक माझी हाय, मला बोला." ते म्हणाले, "छे छे, तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला आमी काय बोलायचं?" चूक कुठं झाली ते कुणी सांगेना, मग मी शिकणार कसा? शेवटी चाचा दुसऱ्याला शिव्या द्यायला लागले की मी जवळ जाऊन उभा राहायचो आणि त्यातलं आपल्या कामाचं उचलायचो. असा मी आचारी झालो.

पहिलं मोठं काम माण तालुक्यातलं आलं. तामिळनाडूत माझ्यासारखीच भट्टी लावून बसलेला तिथला एक मित्र होता, त्याच्या मुलीचं लग्न. त्यानं माझ्या हातचं वीस वर्षं खाल्लं होतं, म्हणून धाडस केलं. नऊशे माणूस. ही बातमी ऐकून दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे एक लगीन कर," तो म्हणाला. "पार पडलं तर मी परत त्वांड उघडणार न्हाई. बिघडलं तर दसऱ्याच्या आत दुकानावर परत जायचं. कबूल?"

मला इतका राग आला होता की मी कबूल म्हणून गेलो. बायकोला कळल्यावर ती भांडली नाही, आदळआपट केली नाही. फक्त म्हणाली, "सवताच्या छातीवर पैज लावून आलासा." आणि दोन दिवस अबोला धरला. रात्री मला खोकला आला की ती उठून बसायची आणि थांबला की परत आडवी व्हायची.

आता आमच्याकडच्या लग्नातला सत्कार ज्यांना माहीत आहे त्यांना माझी भीती कळेल. अक्षता पडायच्या आधी तासभर माईक सुरू होतो. आलेल्या प्रत्येक बऱ्यापैकी माणसाचं नाव, गाव, पद पुकारून त्याला स्टेजवर बोलवायचं, फेटा बांधायचा, शाल-नारळ द्यायचा, फोटो काढायचा. कुणाचं नाव राहिलं तर ते घर पुढं दहा वर्षं रुसतं. म्हणून मी मित्राला महिनाभर आधी बजावलं होतं, "माझा सत्कार करायचा न्हाई. मी त्या दिवशी आचारी हाय." त्यानं कानाला हात लावले. "न्हाई करत म्हंजे न्हाई करत," म्हणाला.

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून सगळं सुतासारखं चाललं होतं. मंडपाच्या मागं पत्र्याचं शेड, तिथं गॅसच्या मोठ्या शेगड्या. बुंदी झाली, वांगं-बटाटा झाला, आमटीला उकळी आली होती. मसालेभाताची तीन पातेली करायची होती, पहिलं चढलं होतं. हाताखाली चार गडी होते, पुऱ्यांना बायका होत्या. दादा आणि बायको दोघंही मंडपात पुढच्या खुर्च्यांवर होते, कारण त्या घराशी आमचे संबंध जुने. मी घामानं भिजलो होतो आणि खरं सांगतो, खूश होतो.

एवढ्यात शेडजवळच्या लिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून आवाज आला. "तामिळनाडूस्थित सुप्रसिद्ध गलाई उद्योजक, आमचे मार्गदर्शक, शेठ, यांनी कृपया स्टेजवर यावं!"

मी ऐकलं नाही असं केलं. पुन्हा पुकारा झाला. दोन पाहुणे बोलवायला आले, त्यांना हात जोडून परत पाठवलं. मग खुद्द मुलीचा बाप, माझा मित्र, धावत आला. "आवं, माझी इज्जत ठेवा," तो म्हणाला. "आपल्या धंद्यातली सगळी मंडळी बसल्यात. तुमाला फेटा बांधला न्हाई तर म्हणत्याली, शेठला बोलवून सैपाकाला लावलं आणि मानपान इसरला."

"आरं, सैपाकालाच लावलंयस की मला!"

"ते खरं. पर दोन मिंटं या."

पोरीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मी हाताखालच्या गड्याला सांगितलं, पाणी आटत आलं की आच बारीक कर, झाकण ठेव, हलू नकोस. आणि गेलो, अंगावर हळदीचे डाग पडलेली बनियन तशीच.

स्टेजवर माझ्याआधी तीन माणसं होती. माझा नंबर आला तोवर दहा मिनिटं गेली. फेटा बांधणाऱ्यानं माझी हनुवटी धरून डोकं सरळ केलं, "हलू नगा शेठ," म्हणाला, आणि वेढे घ्यायला लागला. मान हलवता येत नव्हती म्हणून मी समोर बघत होतो. समोर, पहिल्या रांगेच्याही पुढं, माझे चारही गडी मोबाईल वर धरून माझा सत्कार चित्रित करत होते. चारही. ज्याला हलू नकोस म्हणून सांगितलं होतं तो सगळ्यात पुढं होता, आणि माझी नजर गेल्यावर त्यानं हसून मान डोलावली.

मी अर्धवट फेट्यानिशी स्टेजवरून उडी मारली. शेडमध्ये पोचायच्या आधीच वास आला. जळक्या भाताचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. झाकण काढलं तर वरचा भात छान मोकळा, आणि खालून धुराची बारीक रेघ. गडी मागून धापा टाकत आला. "शेठ, तुमचा सत्कार होता, आमी कसं येणार न्हाई?" मी त्याला मारलं नाही हे माझं मलाच आश्चर्य आहे.

तळाला न ढवळता वरचा दोन वाटे भात परातीनं अलगद काढून घेतला, जळका वास ओढून घ्यायला त्यावर कांद्याच्या चकत्या पसरल्या, खालचा सोडून दिला. उरलेल्या दोन पातेल्यांत तांदूळ वाढवला. अक्षतांना वीस मिनिटं होती आणि अक्षता पडल्या की नऊशे माणूस एकदम ताटावर येणार. आता दोन्ही पातेली साधली तरच निभणार होतं. मी शेगड्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि गड्यांना सांगितलं, इथून जो हलेल त्याचा पाय मोडीन. धावल्यामुळं खोकल्याची उबळ आली होती. ती दाबत मला सारखं ते तिकडचं दुकान दिसत होतं, गादी, भट्टी आणि वर छताला लागलेला तो पिवळा थर. मला तिथं मरायचं नव्हतं.

आणि कर्णा पुन्हा वाजला. "आता वरपक्षाच्या वतीनं, सुप्रसिद्ध गलाई उद्योजक शेठ यांचा सत्कार! शेठ, स्टेजवर या!"

मी विसरलोच होतो. मघाचा सत्कार मुलीकडचा होता, मुलाकडचा राहिला होता. वरपक्ष तिकडं कृष्णाकाठचा, बागायतदार, मानापानाला कडक. भीक नको पण कुत्रं आवर, तसं मला झालं. पुकारा एकदा झाला, दोनदा झाला. माझा मित्र परत आला, या वेळी त्याचा चेहरा उतरला होता. मुलाकडची मंडळी विचारत होती, आमचा फेटा शेठला हलका वाटला का? मी झाऱ्याकडं बघत म्हणालो, "मला फासावर दे, पण मी हितनं हलणार न्हाई." तो डोकं धरून तिथंच एका पाटावर बसला. तिसरा पुकारा झाला. मग कर्णा एकदम गप्प झाला, आणि मंडपातली कुजबुज शेडपर्यंत ऐकू यायला लागली.

मग कर्ण्यातून खाकरल्याचा आवाज आला. तो मी ओळखला. दादा आयुष्यात कधी माईकवर बोलला नव्हता.

"राम राम मंडळी," तो म्हणाला. "त्यो माझा धाकटा भाऊ. त्यो न्हाई यायचा. हितं त्यो शेठ म्हणून आलेला न्हाई, आचारी म्हणून आलाय. त्यो कामावर हाय. आता आला तर भात लागंल आणि तुमीच सगळी त्याला नावं ठेवशीला. फेटा मला बांधा, मी थोरला हाय."

मंडपात हशा पिकला, टाळ्याही पडल्या. मी पातेल्याच्या वाफेत उभा होतो. मला रडू आलं, आणि ते वाफेमुळं आलं अशी सबबही मी गड्यांना सांगितली नाही. गावातला सगळ्यात ताठ माणूस, ज्याला माझ्या कामाची लाज वाटत होती, त्यानं ते काम पाहुण्यांनी भरलेल्या मंडपात, कर्ण्यावर, आपल्या तोंडानं सांगितलं होतं. यापुढं तो शेठचा भाऊ राहिला नव्हता, आचाऱ्याचा भाऊ झाला होता.

दोन्ही पातेली उतरली. भात मोकळा झाला होता.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. पहिली पंगत अर्धी झाली असेल, तेवढ्यात दादा शेडमध्ये आला. डोक्यावर भलामोठा केशरी फेटा, काखेत शाल. तो माझ्याकडं न बघता सरळ आमटीच्या पातेल्याकडं गेला, पळीनं थोडी तळहातावर घेतली, चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. "ध्यान कुठं असतंय रं तुझं?"

तेहेतीस वर्षांत त्यानं माझी एकही चूक काढली नव्हती. दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या भावाची चूक कोण काढणार? पत्रात, फोनवर, सुट्टीत, कायम सगळं बरोबर असायचं. लहानपणी मात्र तो मला दिवसातून दहा वेळा असंच बोलायचा.

मी आमटी चाखली. खरंच कमी होतं. मी मीठ टाकलं, ढवळलं, आणि त्याच्या तळहातावर पुन्हा पळीभर ओतली.

"आता?"

"आता हाय बरं," तो म्हणाला, आणि फेटा काढून खुर्चीवर ठेवून त्यानं वाढायची बादली उचलली.